गोठा व कुक्कुटगृहासाठी ग्रीडला जोडलेला संकरित सौर वीजसंच



२०२४ च्या मे महिन्यातील ही हकिगत आहे. माझ्या मामांच्या तीन हजार ब्रॉयलर पक्ष्यांच्या शेडवर पाच किलोवॅटचा सौर वीजसंच बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. एके दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास वीज गेली. मामा निर्धास्त होते. छपरावर ऊन रणरणत होते, तेव्हा पंखे चालूच राहणार असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात वीज गेली त्याच क्षणी इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा विझला आणि पंखे व फॉगर दोन्ही थांबले. शेजारच्या वस्तीवरून जनित्र ओढून आणेपर्यंत पावणेदोन तास गेले. बाहेरचे तापमान ४१ अंशांच्या वर होते आणि पक्षी विक्रीला आलेले, म्हणजे अंगाने भरलेले होते. असे पक्षी उष्णतेला सर्वांत आधी बळी पडतात. संध्याकाळी १४० मेलेले पक्षी खड्डा घेऊन पुरावे लागले. रात्री मामांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "तू विद्यापीठात शिकवतोस ना, मग सांग मला. ऊन तर होतं, मग वीज कुठं गेली?"

मी कृषीविद्येचा माणूस, विजेचा नव्हे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या कृषी अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांना विचारून आणि दोन-चार शेतकऱ्यांचे संच स्वतः पाहून जे समजले, ते येथे देत आहे. दूध, कोंबडी, हरितगृह किंवा शीतकरण असा विजेवर अवलंबून असलेला जोडधंदा जे करतात, त्यांनी सौर संचासाठी पैसे भरण्यापूर्वी ही माहिती वाचावी.

ऊन असताना संच बंद का पडतो ?

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा आणि सर्वांत जास्त बसवला जाणारा संच हा ग्रीडवर चालणारा संच होय. त्यात पॅनेल, इन्व्हर्टर आणि नेट मीटर एवढेच असते, बॅटरी नसते. या इन्व्हर्टरला स्वतःची चाल नसते. खांबावरून येणाऱ्या विजेचा दाब आणि तिची सेकंदाला ५० आवर्तनांची लय पाहून तो आपली वीज तिच्यात मिसळतो. खांबावरची वीज गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद पडावे असा नियमच आहे. तो बंद पडला नाही तर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारांमध्ये शिरेल, आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणून मामांचा इन्व्हर्टर बिघडला नव्हता. तो नेमके आपले काम करत होता. चूक झाली ती संच निवडताना. ज्याने विकला त्याने ही गोष्ट सांगितली नाही आणि मामांनी विचारली नाही.

हे समजल्यावर काही जण इन्व्हर्टरला फसवण्याची युक्ती करू पाहतात. छोटे जनित्र किंवा घरचा जुना इन्व्हर्टर त्याच वायरिंगला लावून 'लाइट असल्यासारखे' भासवतात. असे कदापि करू नये. त्यात वायरमनच्या जिवाला धोका आहेच, शिवाय वीज परत आल्यावर दोन्ही यंत्रे जळतात.

दुसरा प्रकार पूर्ण स्वतंत्र संचाचा. वीज न पोहोचलेल्या वस्तीवर तो ठीक आहे. पण पावसाळ्यातील सलग ढगाळ आठवड्यासाठी त्याची बॅटरी एवढी मोठी घ्यावी लागते की धंद्याला ते परवडत नाही.

तिसरा प्रकार संकरित, म्हणजे बाजारात ज्याला हायब्रीड म्हणतात तो. यात ग्रीड, पॅनेल आणि बॅटरी हे तिन्ही एकाच इन्व्हर्टरला जोडलेले असतात. वीज असेल तेव्हा तो ग्रीडबरोबर चालतो व जास्तीची वीज बाहेर देतो. वीज गेली की तो आतील स्विचने स्वतःला ग्रीडपासून तोडून घेतो आणि पॅनेल व बॅटरीच्या जोरावर ठरावीक जोडण्या चालू ठेवतो. वायरमनही सुरक्षित राहतो आणि पंखेही फिरतात. येथे 'ठरावीक जोडण्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याकडे पुढे वळू.

आधी वही घाला

संकरित संच किती मोठा हवा हे विक्रेत्याला विचारू नका. ते तुमच्या फीडरवर अवलंबून असते, आणि तुमचा फीडर तुमच्याइतका कोणालाच माहीत नसतो. शेडच्या खांबाला एक वही बांधावी. वीज कधी गेली, कधी आली आणि त्या वेळी कोणते यंत्र चालू होते, एवढेच महिनाभर लिहावे. शक्य असल्यास सकाळी, दुपारी व संध्याकाळी व्होल्टमीटरवरील आकडाही टिपावा.

त्या प्रसंगानंतर मामांनी अशी वही ठेवली. एका महिन्यात दिवसा उजेडी मिळून ३८ तास वीज नव्हती, आणि त्यांपैकी २३ तास सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळातले होते. याचा अर्थ पाहा. भर उन्हाच्या तासाला पाच किलोवॅटचा संच सुमारे साडेतीन युनिट देतो. २३ तासांचे जवळजवळ ८० युनिट तयार होण्याच्या ऐपतीचे होते, पण झालेच नाहीत. महिन्याच्या साधारण ६०० युनिटमधून ८० गेले. ही गळती वीजबिलावर कोठेही दिसत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही.

वहीतील व्होल्टेजचा रकानाही बोलका असतो. रोहित्रापासून लांब, ओळीच्या शेवटी असलेल्या वस्तीवर संध्याकाळी २३० च्या ऐवजी १८० व्होल्ट मिळणे नवीन नाही. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरी इन्व्हर्टर ग्रीड सोडतो. याउलट दुपारी, जेव्हा गावात भार कमी असतो आणि तुमचा संच जोरात वीज बाहेर ढकलत असतो, तेव्हा बारीक वायरमुळे तुमच्याच टोकाला दाब वाढतो व इन्व्हर्टर पुन्हा सुटतो. दिवसातून चार वेळा असे झाले की शेतकरी म्हणतो, मशीन खराब आहे. बहुतेक वेळा मशीन ठीक असते. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर लांब आणि बारीक असते. इन्व्हर्टर मीटरच्या जवळ बसवावा, आणि पॅनेल लांब असतील तर पॅनेलकडून येणारी तार लांबवावी. तेथे दाब जास्त व प्रवाह कमी असल्याने नुकसान कमी होते.

कोणत्या मीटरवर बसवावा ?

ही गोष्ट थोडक्यात सांगतो, पण पैशाचा सर्वांत मोठा फरक येथेच पडतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. त्यानुसार एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. जे बिल येतच नाही ते वाचवण्यासाठी पंपाच्या मीटरवर पदरचे पैसे घालून सौर संच बसवण्यात अर्थ नाही. पंपाची अडचण बिलाची नसून वेळेची आहे. रात्रीचे पाणी, साप आणि अलीकडे अनेक तालुक्यांत बिबट्या, हे ज्यांनी सोसले त्यांना वेगळे सांगायला नको. त्यासाठी दोन वाटा आहेत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के हिस्सा भरून स्वतंत्र सौर पंप मिळतो. दुसरी वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. ती २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात संपूर्ण कृषी फीडरच सौर विजेवर नेला जातो. दुसऱ्या टप्प्यातील पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर २०२४ मध्ये चालू झाला. तुमचा फीडर या योजनेत आहे का, याची चौकशी शाखा कार्यालयात करावी. असेल तर पंपाचा प्रश्न तेथेच सुटतो.

संकरित संच शोभतो तो ज्या मीटरचे बिल खरोखर भरावे लागते त्या मीटरवर. घरगुती मीटर, व्यापारी मीटर किंवा कुक्कुटपालन, हरितगृह, शीतगृह यांना लागू असलेल्या 'शेती-इतर' वर्गवारीचे मीटर अशा ठिकाणी तो बसवावा. अनेक शेडना चुकून व्यापारी दर लागलेला असतो. सौर संचाचा विचार करण्याआधी बिलावरची वर्गवारी वाचून घ्यावी. ती दुरुस्त करायला पॅनेल लागत नाहीत, अर्ज लागतो.

घरगुती मीटरसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये असे अनुदान ठेवण्यात आले. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे. बॅटरीसाठी वेगळी रक्कम त्यात नाही, म्हणून बॅटरीचा हिशेब स्वतःच्या खिशातून मांडावा.

एका गोठ्याचा हिशेब

उदाहरणादाखल २० दुभत्या संकरित गाईंचा, सकाळ-संध्याकाळ मिळून २०० लिटर दुधाचा गोठा घेऊ. रोजची वीज साधारण अशी लागते :

दूध काढणी यंत्र, एक अश्वशक्ती, दोन्ही वेळचे मिळून तीन तास : २.५ युनिट
बल्क कूलर, २०० लिटर : ४ युनिट
कडबाकुट्टी, तीन अश्वशक्ती, एक तास : २.५ युनिट
पिण्याच्या व धुण्याच्या पाण्याचा पंप, एक अश्वशक्ती, दोन तास : २ युनिट
सहा पंखे, आठ तास : ५ युनिट
घर, दिवे व फ्रीज : ४ युनिट

एकूण २० युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतात असे धरतात. म्हणजे पाच किलोवॅटचा संच पुरतो. आजच्या ५४० वॅटच्या पॅनेलचे दहा नग घेतले तर सुमारे २६ चौरस मीटर जागा लागते.

या सरासरीवर फार विसंबू नये. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच घसरते आणि त्या वेळी ग्रीडचा आधार लागतोच. दुसरी गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असूनही पॅनेल आपली छापील क्षमता देत नाहीत. पॅनेलवर लिहिलेला आकडा २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यातील दुपारी पॅनेलच्या आतील तापमान ६५ अंशांपर्यंत चढते, आणि प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. ४० अंशांच्या फरकाने १४ ते १६ टक्के वीज तेथेच जाते. तुमच्या संचाचा सर्वांत मोठा आकडा बहुधा फेब्रुवारी-मार्चमधील एखाद्या निरभ्र, वारा असलेल्या दिवशी दिसेल. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वीतभर तरी हवा खेळेल असे उंच बसवावेत, ते याच कारणासाठी. त्या सावलीने शेडही थोडे थंड राहते.

आता 'ठरावीक जोडण्यां'कडे येऊ. संकरित इन्व्हर्टरला दोन तोंडे असतात. एक ग्रीडच्या बाजूचे आणि दुसरे राखीव जोडण्यांचे. वीज गेल्यावर फक्त दुसऱ्या तोंडावरचा भार चालतो. येथे दूध काढणी यंत्र, कूलर, पंखे आणि घरातील दिवे-फ्रीज घ्यावेत. कडबाकुट्टी मात्र घेऊ नये. तिची मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर तो झटका सोसू शकत नाही आणि सगळेच बंद पडते, नेमके धारेच्या वेळी. कडबा तासभर उशिरा कापला तर गाय काही म्हणत नाही. बाकीच्या मोटारीही एकदम सुरू न करता एकामागून एक सुरू कराव्यात.

तीन फेज मीटर असेल तर एकफेजी इन्व्हर्टर एकाच फेजवर येतो. राखीव जोडण्या त्या एका फेजवर आणून ठेवण्याचे काम वायरिंग करतानाच करून घ्यावे. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

साठवण : पाणी, बर्फ आणि शेवटी बॅटरी

संकरित संच म्हटले की सगळे आधी बॅटरीबद्दल विचारतात. माझे मत वेगळे आहे. शेतकऱ्याकडे विजेपेक्षा स्वस्तात साठवता येणाऱ्या दोन वस्तू आहेत. त्या आधी भराव्यात.

पहिली वस्तू पाणी. एक युनिट वीज, पंपसेटची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी, ३० मीटर उंचीवर सुमारे ४,९०० लिटर पाणी चढवते. गोठ्यासाठी १०,००० लिटरची उंच टाकी भर दुपारी भरून ठेवली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत पंप लावावा लागत नाही. दोन युनिट वीज टाकीत साठली, आणि ती टाकी २० वर्षे टिकते.

दुसरी वस्तू थंडी. संध्याकाळचे १०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचे तर त्यातून सुमारे साडेतीन युनिट एवढी उष्णता काढावी लागते. कूलरचा कॉम्प्रेसर हे काम दीड-दोन युनिट विजेत करतो. पण तो करतो सूर्य मावळल्यावर, आणि बहुतेक फीडरवर नेमक्या त्याच वेळी दाब पडलेला असतो. बर्फ साठवणारा कूलर, म्हणजे ज्यात कॉम्प्रेसर दुपारी पाण्याचा बर्फ करून ठेवतो आणि संध्याकाळी त्या बर्फगार पाण्याने दूध थंड होते, तो घेतला तर हा भार भर उन्हात सरकतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणून १०० लिटर दुधाला ३७-४० किलो बर्फ पुरतो. धारेच्या वेळी मग फक्त लहान पाणीपंप चालवावा लागतो. नवीन कूलर घ्यायचाच असेल तर हा प्रकार जरूर पाहावा. जुना चांगला चालत असेल तर केवळ यासाठी बदलू नये.

एवढे केल्यावर वीज नसताना संध्याकाळी काय उरते ? धार काढणी सव्वा युनिट, दिवे-फ्रीज दीड-दोन युनिट. म्हणजे तीन ते साडेतीन युनिटची बॅटरी पुरे. बर्फाचा कूलर नसेल तर त्यात दोन युनिट मिळवावेत.

बॅटरी विकत घेताना छापील आकडा आणि वापरता येणारा आकडा यांत फरक करावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्यांत कागदावर ७.२ युनिट असतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली तर ती लवकर मरते, म्हणून हिशेबात ३.६ युनिटच धरावेत. लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिच्या पाच युनिटमधून चार-साडेचार हाती लागतात. तिला पाणी घालावे लागत नाही, आणि पहिली किंमत जास्त असूनही ती कितीतरी जास्त वेळा भरते-रिकामी होते. मात्र शेडच्या उन्हात तापणाऱ्या कोपऱ्यात दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य घटते.

बॅटरी रोज वापरावी की राखून ठेवावी ?

समजा, चार युनिट हाती देणारी बॅटरी ६०,००० रुपयांना पडली आणि ती ४,००० वेळा भरून रिकामी झाली. एकूण १६,००० युनिट मिळाले, म्हणजे साठवणुकीचाच खर्च युनिटमागे ३ रुपये ७५ पैसे. त्यात साठवताना व काढताना होणारी घट वेगळी. आता नेट मीटरचा विचार करा. दुपारी बाहेर दिलेला युनिट संध्याकाळी ग्रीडमधून परत घेतला तर त्याला साठवणुकीचा खर्च नाही. म्हणून साधे नेट मीटर असेल तर रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी करणे म्हणजे फुकटची कोठी सोडून भाड्याच्या कोठीत धान्य भरण्यासारखे आहे. अशा वेळी इन्व्हर्टर 'बॅकअप' पद्धतीवर ठेवावा आणि बॅटरी भरलेली राहू द्यावी.

ज्यांच्या मीटरला वेळेनुसार दर लागू आहे, त्यांनी संध्याकाळचा आणि दुपारचा दर यांतील फरक पाहावा. तो फरक बॅटरीच्या युनिटखर्चापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तरच रोजचा वापर परवडतो. बिल हातात घेऊन हे गणित दहा मिनिटांत होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. वर्षातून ६० वेळाच बॅटरी लागली तर दहा वर्षांत २,४०० युनिट मिळतात आणि युनिट २५ रुपयांना पडतो. हा आकडा ऐकून मामा दचकले. पण तुलना जनित्राशी करावी. लहान डिझेल जनित्र लिटरला अडीच-तीन युनिट देते. डिझेल ९० रुपये धरले तरी नुसत्या इंधनाचा खर्च युनिटमागे ३० रुपयांच्या वर जातो, शिवाय ते सुरू करायला माणूस जागेवर लागतो. १४० पक्ष्यांची किंमत तर या हिशेबात धरलेलीच नाही. म्हणून बॅटरी विमा समजून घ्यावी आणि लहानच घ्यावी.

इन्व्हर्टरमध्ये बॅटरी किती टक्क्यांवर राखून ठेवायची हे ठरवता येते. बसवणारा माणूस वर्षभरासाठी एकच आकडा लावून जातो. तसे ठेवू नये. एप्रिल ते जून या वादळी, उष्ण महिन्यांत राखीव साठा ८० टक्के ठेवावा. पावसाळ्यात बॅटरी ग्रीडवरूनही भरली जाईल अशी सोय चालू करावी, नाहीतर चार दिवस ढगाळ गेल्यावर ऐन वेळी ती रिकामी सापडते. हिवाळ्यात, वीज नियमित असेल आणि वेळेनुसार दराचा फायदा होत असेल, तर साठा ३० टक्क्यांपर्यंत उतरू द्यायला हरकत नाही.

नेट मीटरवर जमा झालेले युनिट आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला मिटवले जातात. उरलेल्या युनिटना मिळणारा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचा धंदा होईल या आशेवर राहू नये.

गोठ्यावर बसवताना

शहरातल्या गच्चीवर संच बसवणारे लोक गोठ्याचे एक वैशिष्ट्य विसरतात, ते म्हणजे शेण-मूत्रातून व कोंबडीच्या लिटरमधून उठणारा अमोनिया. तो जोडण्यांच्या पितळी व तांब्याच्या भागांना आणि इन्व्हर्टरच्या आतील पट्ट्यांना खातो. इन्व्हर्टर व बॅटरी गोठ्याच्या आत कधीही ठेवू नयेत. वेगळी, हवेशीर, सावलीतील खोली द्यावी आणि उंदीर शिरणार नाही अशी जाळी लावावी. पॅनेल घेताना ते अमोनिया चाचणी उत्तीर्ण आहेत काय, हे विचारावे.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाइतके तिरपे ठेवतात. कोल्हापूरला १७, राहुरी-परभणीकडे १९ आणि नागपूरला २१ अंश. संध्याकाळची धार लवकर, म्हणजे चार-साडेचारला असेल तर दोन-तीन पॅनेल पश्चिमेकडे वळवता येतात. वर्षाचे उत्पादन थोडे घटते, पण गरजेच्या तासाला वीज वाढते. नारळाची झावळी किंवा विजेचा खांब यांची एका पॅनेलवरची सावलीसुद्धा त्याच्या ओळीतील सगळ्या पॅनेलना मागे खेचते. बैलजोडीतला एक बैल लंगडू लागला की दुसराही त्याच्याच चालीने चालतो, तसे ते आहे. सिमेंटच्या पत्र्यावर सांगाडा कधीही टेकवू नये. तो खालच्या लोखंडी कैचीला बांधावा. वळवाच्या वाऱ्यात पत्र्यासकट पॅनेल उडालेले मी पाहिले आहेत.

धूळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी धुवावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर वाळल्यावर पांढरे डाग बसतात आणि ते नंतर घासूनही निघत नाहीत. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम, नाहीतर बोअरच्या पाण्याने धुऊन लगेच रबरी पट्टीने पुसून घ्यावे. अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे असावेत, आणि विजेच्या कडकडाटापासून संरक्षण देणारे उपकरण पॅनेलच्या व ग्रीडच्या अशा दोन्ही बाजूंना बसवून घ्यावे. येथे काटकसर करू नये.

आधीचा ग्रीडवरचा संच ज्यांच्याकडे आहे त्यांना पॅनेल बदलावे लागत नाहीत. इन्व्हर्टर बदलून किंवा बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर जोडून काम होते. मात्र हा बदल करण्यापूर्वी महावितरणला लेखी कळवून मंजुरी घ्यावी.

मामांनी तसेच केले. आज त्यांच्या शेडमध्ये सहा पंखे व फॉगरचा पंप मिळून दोन किलोवॅटच्या आतील भार राखीव बाजूला आहे. पाच युनिटची लिथियम बॅटरी ढगाळ दुपारी दोन तास आणि उन्हात सूर्य मावळेपर्यंत तो भार ओढते. याशिवाय त्यांनी इन्व्हर्टरच्या राखीव बाजूची वीज गेली तर वाजणारी एक मोठी घंटा घराच्या पडवीत बसवली आहे. तिला स्वतःची लहान बॅटरी आहे. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी बारा वाजता ते ग्रीडचा मुख्य स्विच स्वतः पाडतात, पंखे फिरतात का पाहतात, पाच मिनिटे थांबतात आणि वहीत नोंद करून स्विच परत वर करतात. संच बसवणाऱ्याचे शेवटचे बिल देण्यापूर्वी ही चाचणी आपल्यासमोर एकदा करून घ्यावी.